काठोकाठ भरलेला डबा

सुखाचे दिवस भुर्रकन उडून जातात असं कुणी म्हटलं की मी आजवर मान डोलवत आले. लग्नाच्या पंगतीत, शाळेच्या निरोपाच्या कार्यक्रमात, माहेरपण संपवून एसटीत बसलेल्या बायकांमध्ये, जिथं जिथं हे वाक्य निघालं तिथं माझी मान सगळ्यांच्या आधी हलली. मला वाटायचं, यातलं मला इतरांपेक्षा जरा जास्त कळतं. लहानपणीच शिकले होते मी ते, आणि शिकवणारी माणसं घरचीच होती. गेल्या मंगळवारपासून मात्र या वाक्याशी मी बोलणं टाकलं आहे.

मंगळवारी दुपारी मी नळदुर्गात, आईच्या स्वयंपाकघरात, फळीवरची भांडी खाली उतरवत होते. आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय. तिला सोलापूरला माझ्या घरी न्यायचं, ऑपरेशन करायचं, म्हणून ही बांधाबांध चालली होती. पौष होता, म्हणजे खंडोबा गावात होता, आणि देव गावात असताना गाव सोडायचं आईच्या जिवावर आलं होतं. देव जाऊ दे, मग जाऊ, असं म्हणत तिनं मला बरेच दिवस टोलवलं. शेवटी तयार झाली, पण अट घालून.

"डोळं झालं की माघारी आणून सोड मला. पुढल्या साली देव यायच्या आत."

"सोडते की," मी म्हटलं.

सोडणार नव्हते. घर भाड्याचं आहे. मालकाच्या मुलाला तिथं दुकानाचे गाळे काढायचेत, आणि आईला न विचारताच मी दिवाळीत त्याला होकार देऊन बसले होते. या वयात तिनं एकटीनं राहू नये, ऑपरेशन झालं की हळूहळू सांगू, असा माझा बेत होता. हे इथंच सांगून टाकते, कारण पुढं मी आईवर बरीच रागावणार आहे.

तर फळीच्या अगदी वरच्या कोपऱ्यात तो डबा होता. पितळेचा, कडीच्या झाकणाचा, मांडीवर घेतला तर मांडी भरेल एवढा. बाहेरून काळा पडलेला. मी झाकण उघडलं आणि नाक आत घातलं. इतक्या वर्षांनी काही वास उरलेला नसणार हे ठाऊक असूनही घातलं. आणि उरला होता. भाजलेले तीळ, जुना गूळ आणि पितळ, असा तिघांचा मिळून एक वास. मी तिथंच फरशीवर बसले.

आमचा देव येऊन-जाऊन असणारा देव आहे. खंडोबाची मूर्ती एक आणि गावं दोन. वर्षातला बहुतेक काळ तो अणदूरला असतो. मार्गशीर्ष लागला की पालखीत बसून आमच्याकडे येतो, बोरी नदीच्या काठी मैलारपूरच्या देवळात राहतो, आणि पौषी पुनवेची यात्रा झाली की परत जातो. दोन्ही गावचे मानकरी बसून तसा करार लिहितात, देव कधी येणार आणि कधी जाणार. बाहेरच्या माणसाला याचं हसू येतं. आम्हाला येत नाही. ज्याला अनेक घरं आहेत त्याच्याकडून लिहून घेतलेलं बरं असतं.

देव आला की आप्पा यायचे. आप्पा म्हणजे माझे वडील. ते हुमनाबादच्या एका बँडपार्टीत ट्रंपेट वाजवायचे. हुमनाबाद तिकडं कर्नाटकात, हैदराबादच्या रस्त्यावर. वर्षभर लग्नांच्या सुपाऱ्या, वराती, उरूस, त्यामुळे त्यांना घरी यायला जमायचं नाही असं आम्ही धरून चाललो होतो. आम्ही म्हणजे मी. पौषात लग्नं नसतात, मार्गशीर्षातल्या सुपाऱ्या ते दुसऱ्या कुणावर सोपवायचे आणि देवाच्या पाठोपाठ नळदुर्गात यायचे. शाळेत बाईंनी विचारलं होतं, वडील काय करतात? मी म्हटलं होतं, देवाबरोबर येतात. वर्ग हसला. मला त्यात हसण्यासारखं काय होतं ते कळलं नाही.

त्यांच्या येण्याचा आवाज मी अजून ऐकू शकते. पहाटे पालखी वेशीपाशी आलेली असायची. येळकोट येळकोटचा गजर, हलग्या, आणि त्या सगळ्याच्या वर एकच लांब सूर, पिवळा धमक, भंडाऱ्याच्या रंगाचा. मी गोधडीतून उठून तशीच अंगणात यायचे. थंडीनं दात वाजत असायचे आणि गल्लीच्या तोंडाशी आप्पा दिसायचे, कपाळभर भंडारा, काखेत ट्रंपेट. त्यांच्या ओठांवर ट्रंपेटच्या तोंडाचा एक गोल वळ कायमचा उमटलेला होता. मला उचलून घेतलं की मी आधी त्या वळावर बोट फिरवायची.

"काय गं पुट्टी, उंच झालीस की," ते म्हणायचे.

पुट्टी म्हणजे कानडीत छोटी मुलगी. गल्लीत एवढ्या मुली होत्या, पण पुट्टी फक्त मी होते. हे नाव माझ्यासाठी त्यांनी तिकडून आणलं होतं, जसं गिरजाकाकूंसाठी हुमनाबादची मिरची आणायचे तसं. गिरजाकाकू आमच्या शेजारच्या. त्यांचं किराणाचं दुकान होतं आणि बोलण्यात निम्मं कानडी असायचं. त्यांनी ते नाव ऐकलं की त्या गालातल्या गालात हसायच्या आणि तराजूकडे बघायला लागायच्या. मी समजायची, त्यांना कौतुक वाटतंय.

आल्यावर दुसऱ्या दिवशीचं काम ठरलेलं. आप्पा चिंच भिजत घालायचे आणि राख चाळून घ्यायचे. अंगणात उन्हाला बसून आधी ट्रंपेट घासायचे आणि मग आईचा हा डबा. आंबट, ओली, धातूची एक घाण असते, तिला घाण म्हणवत नाही. पुढं कित्येक वर्षं कुठंही चिंचेचं पाणी दिसलं की मी वाकून त्याचा वास घ्यायची. इकडे आत आई तीळ भाजत असायची. तीळ तडतडायला लागले की गल्लीतल्या बायका आपापल्या दारातून विचारायच्या, आले का गं? आई नुसती कढई हलवायची. डबा घासून, पुसून, उन्हात तापवून आप्पा आत आणून द्यायचे. संध्याकाळपर्यंत तो लाडवांनी काठोकाठ भरलेला असायचा.

आणि तो डबा आमचं कॅलेंडर होता. मी फार लहान असताना कधीतरी आप्पांना विचारलं होतं, तुम्ही किती दिवस राहणार? त्यांनी डब्याचं झाकण उघडून मला आत दाखवलं होतं. "हे सरंस्तोवर हाय बघ म्या." झालं. रोज जेवण झालं की आई डबा खाली घ्यायची आणि तिघांना एकेक लाडू द्यायची. डब्यात हात घालायची परवानगी फक्त तिला. मी पुढं वाकून बघायची. काठापासून लाडू खाली जात जात एके दिवशी अंधारात नाहीसे व्हायचे, मग आई डबा थोडा तिरका करायची, मग पुरता तिरका करायची, आणि मग आप्पांची पिशवी खुंटीवरून खाली आलेली असायची.

"आत्ताच तर भरला होता," मी म्हणायची आणि भोकाड पसरायची.

"सुखाचं दिवस आसंच आसत्यात, लौकर सरत्यात," आई म्हणायची. आणि आप्पा बुटाची नाडी बांधता बांधता त्यात आपली भर घालायचे, "सुखाला पाय असत्यात पुट्टी. बूड असतंय दुःखाला." मला ते इतकं आवडायचं की रडता रडता मी ते पाठ करायची. एकदा मी लबाडी केली. आपल्या वाटणीचा लाडू न खाता फ्रॉकमध्ये लपवला आणि आई पाठमोरी असताना परत डब्यात टाकला. म्हटलं, एक लाडू वाढला म्हणजे एक दिवस वाढला. तो लाडू डब्यात असतानाच आप्पा गेले. डब्यात लाडू आणि खुंटीवर पिशवी नाही, असं पहिल्यांदाच झालं होतं. मी आईला ओढत नेऊन दाखवलं. आई म्हणाली, मोजताना चुकलं आसंल. कोणाचं ते ती बोलली नाही.

त्या दिवसांतलं सगळ्यात लख्ख काय आठवतं म्हणाल तर येळवस. येळवस म्हणजे आमच्याकडची वेळा अमावस्या, सगळं गाव त्या दिवशी रानात जेवतं. आम्हाला शेत नव्हतं, आम्ही गिरजाकाकूंच्या शेतात जायचो. कडब्याची झोपडी, म्हणजे कोप, तिच्यात चुना लावलेल्या पाच दगडांचे पांडव, शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, आणि मोठ्या मडक्यात आंबील. पुरुष आंबील शिंपडत "ओलगे ओलगे" म्हणत रानाला फेरी घालायचे. आणि सगळ्यांची जेवणं होऊन डोळे जड झाले की आप्पा बांधावर उभे राहून ट्रंपेट तोंडाला लावायचे. एक सूर, खालून वर. सगळ्या ज्वारीतून पाखरं एकदम उठायची. हिरव्या कणसांवरून त्यांची सावली पळत जायची आणि मी त्या सावलीमागं धावत सुटायची. दरवर्षी. दर येळवसेला. सासरी गेल्यावर डोळे मिटून झोप यायची वाट बघताना मी हेच पुढं घ्यायची, पाखरं उठली आणि मी धावले.

हे सगळं डब्यात नाक खुपसून आठवत असताना मी सहज तो उजेडाकडे तिरका केला. आतून कल्हई होती. आणि तळाशी गोल खुणा होत्या. एक लहान, वाटीएवढी. तिच्याबाहेर तिच्यापेक्षा मोठी. तिच्याबाहेर आणखी मोठी, जवळजवळ डब्याच्या कडेला टेकलेली. जिथं कुठल्यातरी भांड्याचा गुळानं ओशट झालेला काठ आठवडेच्या आठवडे एका जागी बसून राहिला होता तिथं कल्हई उडून खालचं पितळ उघडं पडलं होतं. वाटी मला आठवत होती. तळाशी एक वाटी पालथी घातलेली मी लहानपणी पाहिली होती, विचारलंही होतं. लाडवांना खालून ओल लागू न्हाय म्हून, असं आईनं सांगितलं होतं. पण या तीन खुणा. ओल काय वर्षागणिक वाढत गेली?

आई दारात उन्हाला बसली होती. डोळ्यांनी दिसत नाही तरी तीळ निवडायचे म्हणून ताट मांडीवर घेऊन बोटांनी खडे शोधत होती. मी डबा तिच्यापुढं ठेवला, तिचा हात धरून आत घातला आणि बोट त्या खुणांवरून फिरवलं.

"ह्या कशाच्या गं?"

"वाटीची एक. आन ही वाडग्याची." तिचं बोट बाहेरच्या खुणेवर थांबलं. "ही पातेल्याची."

"लाडवांना ओल लागू नये म्हणून?"

"पितळंच्या डब्याला ओल कुठनं येती?" आई म्हणाली.

तिनं हात डब्यातून काढून पुन्हा ताटात घातला. तीळ ताटात इकडून तिकडं सरकत होते. मग तिनंच सांगितलं, कुणा तिसऱ्याच्या घरातलं सांगावं तसं. "त्यो एक साल वाईच उशिरा आला. फुडल्या साली आनी उशिरा. लाडू करू तरी किती? आन तू तर झाकण काढून बसायचीस, डबा भरला का न्हाय बघत. म्हून वाटी घातली. मंग वाडगा घातला. त्यो दिवस कमी करत गेला, म्या लाडू कमी करत गेले. त्यानं एकदा तुला डबा दावला आन ती बला माझ्या गळ्यात आली."

मला आधी हसू आलं. पालथ्या पातेल्यावर लाडवांचा एक थर, आणि समोर मी, काठोकाठ भरलेलं सुख बघत. मग हसू गेलं. मी तिला म्हटलं, "आणि मी रडले की सांगायचीस, सुखाचे दिवस लवकर सरतात."

"ते खोटं हाय व्हय?"

"खरं असेल. पण माझे सरत नव्हते आई, ते कापले जात होते. कापलेल्यावर झाकायला ते वाक्य दिलंस तू मला. म्हातारी व्हायला आले, अजून तेच पांघरून बसले होते."

"मंग काय सांगायचं व्हतं एवढ्याशा पोरीला?" आईचा आवाज चढला नाही. "मोजत बसली आस्तीस. मोजणारीला लाडू गोड लागत न्हाय. म्या खाल्लेत की मोजून, मला म्हाईत हाय."

मी चिडून उठले आणि परत बसले. निदान येळवस तरी माझी होती. मी म्हटलं, "येळवसेला तरी यायचे ना ते? दर येळवसेला यायचे. बांधावर उभे राहून वाजवायचे. पाखरं उठायची."

आईनं तिळातला एक खडा शोधला, अंगठ्यानं चाचपला आणि बाहेर टाकला. "दरसाल कुठलं. एकदाच आलता येळवसंला. तुला नवी परकर-चोळी व्हती त्या साली. दुसऱ्या साली येळवस झाल्यावर आला. मंग भोगी झाल्यावर."

एकदाच. त्या एका दुपारचं मी काय काय केलं होतं. ती पसरून पसरून सगळ्या वर्षांवर घातली होती, आईनं लाडवांचा थर पातेल्यावर लावावा तशी. आप्पांनी फसवलं, आईनं फसवलं, हे मी कसंही पचवलं असतं. पण माझीच आठवण यांच्याबरोबर सामील होती, याचा मला जास्त संताप आला. कोणाशी भांडायचं ते कळेना.

आप्पांचं तिकडं हुमनाबादला दुसरं घर होतं. ते मला आई सांगणार नव्हती, आणि गल्लीतलं कुणी सांगणार नव्हतं. ते मला एका क्लॅरोनेटवाल्यानं सांगितलं, मी कोण आहे हे त्याला माहीत नव्हतं म्हणून. आप्पांचं येणं बंद झालं त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली गोष्ट. गावात एका मोठ्या लग्नाला हुमनाबादचा बँड आला. लाल कोट, पिवळ्या पट्ट्या. मी मांडवाच्या मागं धावत गेले. सगळे घामाघूम होऊन सरबत पीत बसले होते. ट्रंपेट एका तरण्या माणसाच्या मांडीवर होतं. मी म्हाताऱ्या क्लॅरोनेटवाल्याला विचारलं, ट्रंपेटवाले आप्पा आले न्हाईत?

"न्हाय आला औंदा," तो म्हणाला. "घरी हाय हुमनाबादला. त्याच्या पुट्टीला ताप हाय."

पुट्टी मी होते. आणि मला ताप नव्हता. मी भर उन्हात मंडपाच्या मागं उभी होते, चांगली धडधाकट. मी कपाळाला हात लावून बघितल्याचं आठवतं. तिथून घरी आले आणि आईला काही बोलले नाही. हे नाव त्यांनी माझ्यासाठी आणलेलं नव्हतं. ते तिकडच्या पोरीचं होतं, तोंडात बसलेलं. वर्षातले थोडे दिवस मला वापरायला मिळालं होतं. गिरजाकाकू तराजूकडे का बघायच्या तेही त्या दिवशी कळलं.

मंगळवारी मी आईला ते पहिल्यांदा विचारलं. "तुला कधी कळलं, तिकडचं?"

"तू पाळण्यात व्हतीस."

"आणि गल्लीला?"

"म्या गिरजाला सांगितलं, गिरजानं बाकीच्यांस्नी. पोरीफुडं बोलू नगासा म्हून. बोललं न्हाय कुणी," आई म्हणाली. यात तिला अजूनही थोडा अभिमान असावा. एवढी मोठी गल्ली, भांडखोर, चहाडखोर, एकमेकींच्या शेणकुटावरून डोकी फोडणारी, आणि माझ्यापुढं सगळ्यांनी एक गोष्ट दातांखाली धरली. मला त्यांचे आभार मानावेसे वाटले नाहीत. रस्त्यानं जाताना मला बघून बोलणं बदलणाऱ्या त्या सगळ्या काकू-आत्या डोळ्यांपुढून गेल्या आणि वाटलं, अख्ख्या गावानं मिळून पालथं घातलेलं पातेलं होतं ते, आणि वरच्या थरावर मी.

"पहिलं घर कुठलं? आपलं का ते?"

आईनं ताट खाली ठेवलं. "देवाला इचार, त्याचं गाव कुठलं," ती म्हणाली. खंडोबालाही दोन बायका, म्हाळसा आणि बाणाई. पण त्यानं ते लपवलं नाही. त्या दोघींची भांडणं वाघ्या-मुरळी अजून दिमडीवर गातात, पोराठोरांनाही तोंडपाठ असतात. आणि तो कधी येणार, कधी जाणार, ते लिहून घेतलेलं असतं. आप्पांकडून कुणी लिहून घेतलं नाही.

शेवटच्या वर्षाचं मात्र मला वाटत होतं त्याहून वेगळं निघालं. माझ्या आठवणीत ते वर्ष म्हणजे न सरणारे लाडू. आप्पा आलेच नाहीत आणि लाडू संपता संपेनात. संक्रांत झाली, यात्रा झाली, देव अणदूरला गेला, तरी डबा निम्म्यावरच. माघ झाला. लाडवांना खवट वास येऊ लागला. आई रोज संध्याकाळी एक मला द्यायची, एक स्वतः खायची, तोंड वाकडं न करता. शिमगा झाल्यावर उरलेले तिनं गाईपुढं टाकले आणि गाईनंही ते हुंगून सोडले. दिवस सरत नव्हते म्हणून लाडू सरत नव्हते, असं मी मनाशी धरलं होतं. दुःखाला बूड असतं, हे मला तेव्हा पटलं. मंगळवारी मी आईला हे म्हटलं तर ती मान हलवत राहिली.

"लाडूच जास्त व्हते," ती म्हणाली. "त्या साली म्या आत काईच घातलं न्हवतं."

"का?"

"निरोप आलता त्याचा, ट्रकवाल्याकडनं. औंदा देव येतो तवा येतो आन देव जातो तवा जातो म्हणून. खंडोबाची आन घिऊन सांगितलंय म्हणाला ट्रकवाला." ऊन तिच्या पायांवरून सरकून उंबऱ्यावर गेलं होतं. "म्या पातेलं काढलं. तळापासनं भरला. बुडापासनं काठापोत्तर. एवढं तीळ म्या जल्मात भाजलं न्हवतं. गिरजा म्हणली, आगं जरा दमानं. म्या म्हटलं, त्यानं खंडोबाची आन घेतलीया."

मला इतकी वर्षं वाटायचं की या घरात फसवली गेलेली मी आणि फसवणारे ते दोघं. आई आपली त्या बाजूला होती, माहितगार. तिला सगळं ठाऊक होतं, तारखा, सबबी, वाटी, वाडगा. आणि तिनंच एका वर्षी पातेलं काढून फळीवर ठेवलं होतं. त्या एकाच वर्षी डबा खरा होता. मी तिच्या हातावर हात ठेवला. रागावलेली होतेच, अजून आहे, पण तो हात मला काढता आला नाही.

"सोलापूरला न्यायला लाडू करून घे," मग तीच म्हणाली. "तीळ निवडल्यात. डबा भर. डबा सरंस्तोवर ऱ्हाते म्या तुझ्याकडं. सरला की आणून सोड. आन खाली काय घालू नगंस. खरा भर."

त्याच वेळी मी सांगायला हवं होतं. शब्द तोंडात आले होते, घर सोडलंय मी आई, परत यायचं नाही. पण तिनं ताट माझ्याकडं सरकवलं आणि मी ते घेऊन आत गेले. तीळ भाजले. तडतडायला लागल्यावर शेजारच्या दारातून कुणी विचारलं नाही, आले का गं म्हणून. गिरजाकाकू जाऊन बरीच वर्षं झाली. मी गुळाचा पाक केला, हात पोळले, लाडू वळले. डबा चिंचेनं घासला, आतून पुसला. त्या तीन खुणांवर पहिला थर लावला आणि तळापासून काठापर्यंत भरला. डबा पुसत होते तेव्हाच आई येऊन बसली होती. पहिला थर लागायच्या आधी तिनं आत हात घालून तळ चाचपून घेतला होता. काही नव्हतं. तिचा चेहरा लहान मुलीसारखा समाधानी झाला आणि मला तिच्याकडं बघवेना.

बुधवारी सकाळी जीप आली. देवळाकडून यात्रेच्या तयारीचे भोंगे ऐकू येत होते. आई खंडोबाच्या दिशेला हात जोडून मागं बसली, सामान सगळं मला वर टाकू दिलं, डबा तेवढा दिला नाही. मांडीवर घेतला. कुलूप लावून किल्ली मी माझ्या पर्समध्ये टाकली, ती संध्याकाळी मालकाच्या मुलाकडं पाठवायची होती. गाडी हमरस्त्याला लागली. देव ज्या वाटेनं जातो त्याच वाटेनं, देवाच्या आधी, आम्ही अणदूरकडं निघालो. दोन्ही बाजूंना ज्वारी उभी होती. पाखरं होती की नाही, मी बघितलं नाही.

"अणदूर आलं का गं?" थोड्या वेळानं आईनं विचारलं.

"मागं पडलं की."

"एवढ्यात?"

"गाडीत कळत नाही," मी म्हटलं.

आई स्वतःशी हसली. "सुखाला पाय असत्यात," ती म्हणाली. मग तिनं डबा मांडीवरून दोन्ही हातांनी वर उचलला, जरा वेळ तोलून बघितला आणि परत ठेवला.

"त्या सालचा बी आसाच जड व्हता," ती म्हणाली.